गाडी अडवल्यावर पोच आणि पावती मागण्याचा हक्क

चार दिवसांपूर्वी वाहतूक पोलिसांनी आपल्याला हेल्मेट नसल्यावरून अडवले, दुचाकीची चावी काढून घेतली, मोबाइलवरील लायसन्स मान्य केले नाही आणि शेवटी रोख रक्कम घेऊन पावती न देताच जाऊ दिले, असे आपण लिहिले आहे. मोटार वाहन कायद्याची प्रकरणे मी बरीच वर्षे न्यायालयात चालवत आलो आहे, म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

आरंभ आपल्या कर्तव्यापासून करावा लागेल. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 130 नुसार सार्वजनिक ठिकाणी गणवेशातील कोणत्याही पोलिस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने लायसन्स तपासणीसाठी दाखवलेच पाहिजे. तेथे नकार देऊन हक्कांची चर्चा सुरू करणे चुकीचे आहे. मात्र कायद्यात ‘गणवेशातील’ हा शब्द आहे, आणि साध्या वेशातील माणसाने कागद मागितल्यास त्याला ओळखपत्र विचारण्यात काहीच गैर नाही.

मोबाइलवरील कागदपत्रांबाबत आपली बाजू भक्कम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 139 प्रमाणे लायसन्स, आरसी, विमा इत्यादी कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येतात. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, सरकारी पोर्टलवर वैध आढळलेल्या कागदाची मूळ प्रत मागता येत नाही. फक्त तो कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधील असावा. गॅलरीत ठेवलेला लायसन्सचा फोटो या नियमात बसत नाही, आणि बरेच वाद नेमके याच गैरसमजातून होतात.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित कलम 206 आहे. पोलिसांना काही परिस्थितींत लायसन्स जप्त करता येते, परंतु ते घेतल्यावर त्याची तात्पुरती पोच देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पोचेवर लिहिलेल्या तारखेपर्यंत त्या पोचेवर आपल्याला गाडी चालवता येते. वकिली सुरू करण्यापूर्वी माझे स्वतःचे लायसन्स एकदा असेच पोचेविना घेतले गेले होते. दुसऱ्याच दिवशी वेगळ्या चौकात मला अडवले, तेव्हा लायसन्स पोलिसांकडेच आहे हे दाखवायला माझ्या हातात चिठ्ठीसुद्धा नव्हती आणि विनालायसन्स गाडी चालवल्याचा ठपका माझ्यावर आला. म्हणून आवाज न चढवता, पण न चुकता, एवढेच विचारावे: ‘साहेब, कोणत्या कलमाखाली घेत आहात, आणि पोच कुठे मिळेल?’

चावीविषयी सांगायचे तर, गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम 207 मध्ये आहे. तो लायसन्स नसणे, चालकाचे वय कमी असणे, नोंदणी नसणे, वाहनाचा परवाना (परमिट) नसणे किंवा त्या परवान्याच्या ठरावीक अटी मोडणे यांच्याशी जोडलेला आहे. हेल्मेट नसणे किंवा सिग्नल मोडणे ही कारणे त्या कलमात नाहीत. तरीही चावीसाठी झटापट करू नये, कारण मग प्रकरण शासकीय कामात अडथळ्याकडे वळते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

मद्यपानाचा संशय असेल तर गोष्ट वेगळी आहे. कलम 203 खालील श्वासचाचणी नाकारल्यास, आणि मद्यपानाचा वाजवी संशय असल्यास, विनावॉरंट अटक होऊ शकते. शिवाय विनाकारण दिलेला नकार पुढे आपल्याविरुद्ध वापरला जातो. मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. कलम 185 च्या, म्हणजे मद्यपान करून गाडी चालवण्याच्या, गुन्ह्यात कलम 202 खाली अटक झाली, तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. ती न झाल्यास सोडावे लागते. कोणत्याही अटकेत कारण सांगणे, नातेवाइकांना कळवणे आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे पोलिसांना बंधनकारक आहे. अपवादात्मक परिस्थिती वगळता स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही.

आता पैशांचा मुद्दा. कलम 200 खाली जागेवर दंड भरणे म्हणजे गुन्ह्याची तडजोड करणे होय, आणि राज्य सरकारने अधिसूचनेद्वारे नेमलेल्या अधिकाऱ्यालाच ती करता येते. रीतसर तडजोड झाली की त्या गुन्ह्याची पुढील कारवाई संपते, परंतु पावतीच नसेल तर तडजोड झाली हे आपण कशाच्या आधारे सांगणार? शिवाय आरोप मान्य नसेल तर रस्त्यावर पैसे भरण्याची सक्ती नाही. चलन घ्यावे आणि न्यायालयात आपली बाजू मांडावी. हेल्मेट खरोखरच नव्हते, तर मात्र चलन भरून टाकणे योग्य, कारण कलम 194ड मध्ये 1000 रुपये दंडाखेरीज तीन महिने लायसन्स अपात्र ठरण्याचीही तरतूद आहे.

आपण आज ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून पाहा. त्या दिवशीची नोंद आणि भरलेली रक्कम तेथे दिसली, तर पावती तेथूनच काढून घ्या. नोंदच नसेल, तर आपण दिलेले पैसे लाच ठरण्याची दाट शक्यता आहे. 2018 मध्ये दुरुस्त झालेल्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही दोषी धरला जातो. मात्र ज्याला सक्तीने द्यावी लागली त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवले, तर त्याला संरक्षण मिळते. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे. आपले चार दिवस गेले आहेत, म्हणून ठिकाण, वेळ आणि नामपट्टीवरचे आठवत असेल ते नाव आजच लिहून काढा व उद्या तक्रार द्या.