जुन्या हॉकनची नळी बदलायची असेल तर आधी गोळी ठरवा

तुमचा प्रश्न वाचला. एस्टेट सेलमध्ये थॉम्पसन सेंटर (टीसी) कंपनीची हॉकन, म्हणजे तोंडातून भरायची ठासणीची रायफल घेतलीत, .५० कॅलिबर, कॅपवाली (फटाक्यासारख्या छोट्या टोपीने पेटणारी), आतून गंजलेली, आणि आता दुसरी नळी १:४८ ची घ्यावी की १:७० ची यावर अडलंय. शिवाय पेनसिल्व्हेनियात राहता आणि ख्रिसमसनंतरच्या शिकारीच्या सीझनला हरणावर जायचं म्हणता. या शेवटच्या वाक्याने अख्खा प्रश्नच बदलतो, त्यावर खाली येतोच.

आधी एक काम आजच करा. गज नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी पेन्सिलने खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. टोक जवळजवळ निपलपर्यंत (कॅप जिच्यावर बसते ती बोंडी) पोचायला हवं, दीड-दोन इंच अलीकडेच थांबलं तर आत बार भरलेला आहे असंच धरायचं आणि कॅपला हात न लावता कुणा जाणकाराकडून रिकामी करून घ्यायची. जुन्या ठासणीच्या बंदुका भरलेल्या अवस्थेत विकल्या जातात हे खरंच होतं, आणि काळी दारू कोरडी राहिली तर कितीही वर्षांनी पेटते.

दुसरं म्हणजे नळी खरंच गेलीय का ते बघा. गरम पाणी, साबण, मग गजाच्या टोकाला लावायच्या जॅगवर बारीक स्टील वूल गुंडाळून भरपूर घासा आणि शेवटी तेलाचा घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) हळूहळू खाली न्या. कुठे अडकतो ते हाताला कळतं. खड्डे फक्त तळाच्या शेवटच्या इंचात असतील तर तिथे दारू असते, गोळी आणि पॅच त्याच्या पुढे बसतात, म्हणजे साफ करायला त्रास होईल पण नेम बिघडेलच असं नाही. पॅच मधल्या भागात किंवा तोंडाजवळ फाटत असेल तर मात्र नळी बदलायचा विचार बरोबर आहे.

आता ट्विस्ट. १:४८ म्हणजे गोळी ४८ इंचात एक फेरा घेते, १:७० म्हणजे ७० इंचात. .५० मध्ये कापडात गुंडाळलेली .४९० ची शिशाची गोल गोळी वजनाने साधारण १८० ग्रेनची, आखूड, तिला सरळ जायला फार फिरकी लागत नाही. उलट कोनिकल, म्हणजे टोकदार गोळी, लांब आणि जड, टीसीची स्वतःची मॅक्सी-बॉल .५० मध्ये ३७० ग्रेनची, तिला जास्त फिरकी हवी म्हणून १:२८, १:३२ असल्या नळ्या निघाल्या. त्या नळीत गोल गोळीमागे दारू वाढवली की गोळी आटे (नळीतल्या पिळाच्या खाचा) न पकडता सरळ घसरत पुढे जाते आणि टार्गेटवर गोळ्या कुठेही पडतात. टीसीने १९७० मध्ये हॉकन काढली तेव्हा दोन्ही चालावं म्हणून १:४८ आणि उथळ आटे असा मधला मार्ग काढला, आणि तो वाईट नाहीये, लोक उगाच नावं ठेवतात. सेंट लुईसच्या हॉकन बंधूंच्या मूळ रायफली बहुतेक १:४८ च्याच होत्या आणि त्यातून गोल गोळीच मारायचे. फरक आट्यांच्या खोलीत आहे. गोल गोळीला खोल आटे हवेत, १० ते १२ हजारांश इंच, म्हणजे जाड पॅच त्यात नीट बसतो आणि काजळीलाही जागा मिळते. त्यामुळे विकणाऱ्याला नुसता ट्विस्ट विचारू नका, आटे किती खोल तेही विचारा, नाहीतर निम्मीच माहिती हातात येते.

माझं मत विचाराल तर फक्त गोल गोळी मारणार असाल तर १:६० ते १:७० आणि खोल आटे, डोळे झाकून. कोनिकल कधीतरी मारायचीच असेल तर १:४८ वरच राहा.

पण तुम्हाला पेनसिल्व्हेनियाचा तो सीझन करायचाय ना, तो १९७४ पासून फ्लिंटलॉकचा, म्हणजे चकमकीच्या दगडाने पेटणाऱ्या बंदुकीचा आहे, तिथे कॅपवाली चालतच नाही. म्हणजे नुसती नळी बदलून भागणार नाही, लॉकही (घोड्याची यंत्रणा) चकमकीचा घ्यावा लागेल आणि नळी बाजूला टचहोल (आग आत जायचं बारीक भोक) असलेली. तेव्हा कॅपची नवीन नळी घेऊन पैसे घालवू नका, नळी आणि लॉक एकाच विक्रेत्याकडे जोडीने मिळाले तर सगळ्यात उत्तम, कारण टचहोल आणि रंजकाच्या (पेटवायच्या दारूच्या) पाळ्याची उंची जुळली नाही तर बार उशिरा पेटतो. लाकूड थोडं कोरावं लागलं तर ते घाईने करू नका, काढलेलं लाकूड परत लागत नाही.

मग माप. हॉकनची नळी अष्टकोनी, सपाट बाजूपासून समोरच्या सपाट बाजूपर्यंत १५/१६ इंच, लांबी २८. टीसीचीच रेनेगेड मात्र पूर्ण १ इंचाची आणि २६ लांब, तिची नळी तुमच्या दस्त्यात जाणार नाही, आणि जुन्या बाजारात विकणारे दोन्हींना "टीसी नळी" म्हणून मोकळे होतात. कॅलिपरने मोजलेला आकडा लिहून मागा. नळीच्या बुडाला जो हूक असतो तो प्रत्येक कंपनीचा वेगळा, लायमन किंवा ट्रॅडिशन्सची नळी तुमच्या टँगमध्ये (दस्त्यावरची पट्टी, जिच्यात हूक अडकतो) तशीच्या तशी बसेल असं समजू नका. टीसीच्याच दोन नळ्यांतसुद्धा कधीकधी कानशीचे एक-दोन हात मारावे लागतात. नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या खालच्या पाचरीचं भोकही जुळायला हवं. न्यू हॅम्पशायरच्या ग्रीन माउंटनने टीसीत सरळ बसणाऱ्या १:७० च्या नळ्या काढल्या होत्या, त्या आता जुन्या बाजारातच शोधाव्या लागतात आणि दिसली की लगेच जाते, तेव्हा नजर ठेवून राहा.

नाहीच मिळाली तर दुसरा रस्ता आहे आणि मला तो मनापासून आवडतो: तुमचीच नळी कारागिराकडून भोक मोठं करून .५४ ची करून घ्या, किंवा आत नवीन लायनर (आतली पातळ नळी) बसवून .५० च ठेवा, आटे हवे तसे सांगा. हूक, पाचर, माशी सगळं मूळचंच राहतं, बसवायची डोकेदुखी शून्य. मात्र बंदूक कॅपवालीच राहते, तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या त्या सीझनला हा रस्ता नाही. .५४ केली तर नळी थोडी हलकी होते आणि गोळी साधारण २२५ ग्रेनची मिळते, हरणाला उत्तमच. फक्त नळीचं बूड बंद करणारा ब्रीच प्लग घरी पान्याने काढायला जाऊ नका, प्लगचा चेहरा परत नीट टेकला नाही तर मध्ये फट राहते, त्यात काजळी साठते आणि गंज तिथूनच सुरू होतो.

नवीन नळीचे आटे सुरुवातीला धारदार असतात. बार काढल्यावर पुढे जाऊन पडलेले पॅच गोळा करा. कडेने कापलेले दिसले तर धार मोडेपर्यंत आणखी बार काढा किंवा हलकं पॉलिश करा, मध्यभागी जळून भोक पडलं असेल तर पॅच पातळ आहे नाहीतर दारू जास्त. या चिंध्या बघून जेवढं कळतं तेवढं टार्गेट बघूनही कळत नाही. आणि त्यात काळी दारू किंवा तिचा मान्य पर्यायच, धूर न येणारी आधुनिक दारू चिमूटभरसुद्धा नाही, नळी फुटते.

कुणी न्यू जर्सीचे वाचत असाल तर तुमच्याकडे ठासणीची रायफलसुद्धा फायरआर्मच धरतात, घ्यायच्या आधी बंदूक खरेदीच्या ओळखकार्डाचं बघा. आणि जुनी नळी आठवण म्हणून भारतात न्यायचा विचार कुणी करू नका, तिकडच्या शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रातच मोडतो.

तुमच्या हूकचा बाजूने काढलेला एक फोटो टाका, सोबत सपाट बाजूंचं माप आणि नळीच्या बुडाशी काय कोरलंय ते लिहा, म्हणजे कुठली नळी बसेल ते नेमकं सांगता येईल.