निळ्या शेपटीची सापसुरळी विषारी असते का?

प्रश्न: नमस्कार ताई, माझी बहीण अमेरिकेत ओहायोला राहते. तिच्या अंगणात लाकडाच्या ओंडक्याखाली एक सापसुरळी निघाली, काळी कुळकुळीत, अंगावर पिवळे पट्टे आन् शेपूट एकदम निळी. फोटो बघून आमची माय म्हणायली, ही सापाची मावशी, लई विषारी, मारून टाक म्हणाव. तिथली शेजारीण पण विषारीच म्हणायली म्हणे. खरंय का?
एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर: मारू नका म्हणाव, आधी फोन करून तेवढं सांगा! जगातली कुठलीच सापसुरळी विषारी नसते, तिथली नाही आन् आपल्या सेलूची पण नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात तर लोक हिला चक्क विंचूच म्हणतात आन् ती डंख मारते असं समजतात, म्हणजे भीती दोन्हीकडं सारखीच.

वर्णनावरून ही पाच पट्ट्यांची सापसुरळी, शास्त्रीय नाव प्लेस्टिओडॉन फॅसिएटस, प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस नावाच्या शास्त्रज्ञानं 1758 मध्येच नोंदवलेली. तिथं हिच्यासारख्याच दिसणाऱ्या अजून दोन जाती आहेत, पिल्लं तर ओळखू येत नाहीत, पण बिनविषारी सगळ्याच. निळी शेपूट म्हणजे पिल्लू किंवा तरुण मादी. नर मोठा झाला की निळं जातं, पट्टे पुसट होतात आन् विणीच्या दिवसात त्याचे जबडे नारंगी-लाल होतात. पक्ष्यानं किंवा सापानं झडप घातली तर ती त्या चमकत्या शेपटीवर पडावी, शेपूट तुटून वळवळत राहावी आन् जीव निसटावा, असा हिशोब. नवी शेपूट येते पण तिच्यात हाडं नसतात, कूर्चा असते, आपल्या कानात असते तशी. आपल्याकडच्या ठिपकेवाल्या सापसुरळीच्या पिल्लाची शेपूट लाल असते, तुमच्या धुऱ्यावर दिसली असेल.

मला हिची आई फार आवडते, खरं सांगते. बहुतेक सरडे-पाली अंडी घालून निघून जातात, ही मात्र कुजक्या ओंडक्यात किंवा दगडाखाली खळगा करून अंडी घालते, कधी 4-5 तर कधी 15 पर्यंत, आन् मग त्यांना वेटोळं घालून बसते. हवामानाप्रमाणं 24 ते 55 दिवस जातात. अंडं घरंगळलं तर परत ओढून आणते, अधूनमधून फिरवते, खराब झालेलं अंडं खाऊन टाकते. पिल्लं निघाली की एक-दोन दिवसात तिचं काम संपतं.

म्हणून बहिणीला सांगा, उन्हाळ्यात तो ओंडका उचलला तर जसा होता तसाच हळूच परत ठेव, खालची ओल तशीच राहिली पाहिजे, अंडी ओल शोषून फुगत असतात. कॅनडात पॉइंट पेली नॅशनल पार्कमध्ये पडलेली लाकडं कमी झाली तशा ह्या सापसुरळ्याही घटल्या. अंगण साफसूफ करायची तिची हौस असेल तर एक कोपरा तरी सोडायला लावा, किडे, कोळी, रातकिडे खायला ती तिथंच येईल. आन् मायला पण सांगा, आपल्या शेतात दगडाखाली दिसली तरी चप्पल उचलायची नाही.