आधी भाकर, मग प्रश्न

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. दारू सोडून काही वर्षे झाली होती. परंतु दिवाळीपासून कामाचा तगादा आणि रात्रपाळ्या वाढल्या, आणि पाळी सुटल्यावर मी सोबत्यांबरोबर पुन्हा बसू लागलो. पत्नीला हे ठाऊक नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, रविवारी मी आधीच चर्चमधून बाहेर पडतो. देव अशा माणसाला मार्ग दाखवतो का, की आधी सुधारून मग त्याच्याकडे यावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : देव पश्चात्ताप मागतो, स्वतःच्या बळावर सुधारून येण्याची अट तो घालत नाही. बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायातला एलीया पाहा. ईजबेल राणीच्या धमकीने भ्यालेला हा संदेष्टा बैर-शेबाहून एक दिवसाची वाट रानात चालून गेला, रतामाच्या झुडपाखाली बसला आणि त्याने मरण मागितले. त्याची कानउघाडणी झाली नाही. तो झोपला, दूताने त्याला उठवले, तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई होती. खाऊन तो पुन्हा झोपला, तरी दूत परत आला आणि म्हणाला की तुला पुढची वाट झेपणार नाही, म्हणून ऊठ आणि खा. ‘येथे तू काय करतोस?’ हा प्रश्न त्याला 40 दिवसांनंतर होरेब डोंगरावर देवाकडून विचारला गेला, आणि त्यानंतर काम मिळाले, सोबतीला अलीशाही मिळाला.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपल्या नाशिकच्या शरणपुरातही एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना ख्रिस्ती मिशनने आधी आसरा दिला आणि मग सुतारकी, लोहारकी शिकवली.

म्हणून तुमच्या थकव्याला पाप म्हणू नका. सलग रात्रपाळ्यांनी शरीर मोडकळीला येते, आणि आपण केवळ माती आहोत हे देव आठवणीत ठेवतो, असे 103 वे स्तोत्र सांगते. पाळी बदलून मागणे हा अविश्वास नव्हे. पत्नीपासून लपवणे मात्र थकव्यात मोडत नाही. ते तुम्ही तिला स्वतःच्या तोंडाने सांगायला हवे, आणि तिला राग आला तर तो ऐकून घ्यायला हवा. देवाची करुणा ही तिच्या क्षमेची हमी नाही, परंतु खरे बोलण्याचे बळ तीच देते.

प्रभुभोजनाविषयी प्रेषित पौल करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना लिहितो की माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे. परीक्षा करून निघून जावे, असे तो लिहीत नाही. आधी पाळकांशी एकांतात बोला.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. रोज पिणे होत असेल तर एकाएकी बंद करू नका, कारण त्यातून झटके येऊ शकतात. डॉक्टरांना खरे प्रमाण सांगा. अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभांमध्ये हेच भोगलेली माणसे भेटतात. पाळीमुळे एकट्याने जाणे जमत नसेल, तर चर्चच्या मंडळीतल्या एका विश्वासू भावाला सोबत येण्याची विनंती करा, आणि पाळी सुटण्याच्या वेळी त्याला फाटकापाशी उभे राहायला सांगा.