रिमोट कुठे ठेवला आहेस?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

शाळेला मोठा डिजिटल पॅनल आल्याचा फोटो पाहिला. फीत, नारळ, पॅनललाच घातलेला हार, आणि कोपऱ्यात तू, खडूने पांढऱ्या झालेल्या हातांची. "सर, आता याच्यावर काय काय दाखवू?" असं विचारलंयस. उत्तराला जरा लांबण लावतो, माझी सवय तुला माहीतच आहे.

आमच्याकडे लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला, तेव्हा उद्घाटनाला एक मोठे साहेब आले होते. भाषण चांगलं चाळीस मिनिटं चाललं. मग बटण दाबलं, पडद्यावर हृदय धडधडायला लागलं, पोरं ओरडली आणि लाईट गेली. साहेब चहा घेऊन निघाले. पोरं मात्र खिडकीला लटकली, कारण रस्त्यापलीकडच्या डीपीवर, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर, वायरमन आला होता. मला माझाच राग आला. आठवीचा धाराविद्युतचा पाठ मी फळ्यावर बॅटरी आणि बल्ब काढून उरकला होता, आणि डीपी शाळेपासून पन्नास पावलांवर होती.

पुढच्या आठवड्यात त्या वायरमनला वर्गात बोलावलं. "मी काय बोलणार गुरुजी, मी दहावी नापास," म्हणाला. मी म्हटलं, बोलू नका, नुसतं सामान घेऊन या. त्याने पिशवी टेबलावर रिकामी केली: पक्कड, टेस्टर, रबरी हातमोजे, फ्यूजच्या तारेचं भेंडोळं, एक जुनं किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायचा चिनीमातीचा ठोकळा. मुलांनी आदल्या दिवशी प्रश्न लिहून ठेवले होते. ते मी वाचले नव्हते, आणि तेच बरं झालं. नाहीतर निम्मे मीच गाळले असते.

तारेवर बसलेल्या पाखराला शॉक का लागत नाही? त्याने फळ्यावर तार काढली, दोन पाय काढले. "दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन्हीकडं दाब सारखाच. मग करंट पाखरातनं कशाला जाईल? दुसऱ्या तारेला नाहीतर खांबाला टेकलं की संपलं." विभवांतर, म्हणजे दोन ठिकाणच्या विजेच्या दाबातला फरक, हा शब्द मी दहा वर्षं शिकवत होतो, पण इतका सोपा मला कधी सांगता आला नव्हता. ११ हजार व्होल्ट डीपीत येतात आणि घरात २३० होऊन पोचतात, हेही पोरांनी त्याच्याकडूनच ऐकलं.

मग एका मुलीने विचारलं, "काका, तुम्ही वर असताना तिकडून कुणी चुकून चालू केलं तर?" तो जरा थांबला. म्हणाला, सबस्टेशनला फोन करून लाईन बंद केल्याचं परमिट घेतल्याशिवाय मी तारेला हात लावत नाही. आणि परमिट मिळालं तरी तपासून बघतो, लाईन जमिनीला जोडून अर्थिंग लावतो. "माणूस चुकतो बाळा, म्हणून." वर्ग गप्प झाला. त्यातल्या कितीतरी जणांचे वडील रात्रीच्या लाईटला मोटर चालू करायला एकटेच विहिरीवर जातात. तेवढ्यात पुढचा प्रश्न आलाच: शेतीला लाईट रात्रीच का? "ते माझ्या हातात असतं तर..." म्हणून तो कसंनुसं हसला. मग सगळ्या मोटरी दिवसा एकदम चालू झाल्या तर लाईनवर किती भार येतो, ते त्याने सांगितलं. मुलांना ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं नाही.

प्रोजेक्टर कामाला आला तो नंतर. किटकॅटमध्ये बारीक तार भरणारी त्याची बोटं मी मोबाईलवर टिपली होती. मागच्या बाकावरून ती दिसली नव्हती. ती पडद्यावर हातभर मोठी करून, थांबवत थांबवत दाखवली. तार बारीकच का, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. एक पोरगा म्हणाला, आमच्यात तीनपदरी घातलीय. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर वडिलांनी बदलली नव्हती. "बारीक घातली की सारखी उडते म्हणत्यात." जास्त करंट आला की उडण्यासाठीच ती असते, हे त्या बापाला पटवायला मला पुन्हा वायरमनलाच न्यावं लागलं.

तर माझा हिशोब असा. जे वर्गाच्या दारातून आत येऊ शकत नाही ते पडद्यावर दाखव: हृदयाच्या झडपा, समुद्राचा तळ, चंद्राच्या कला. अंगणात कडुलिंब असताना कडुलिंबाच्या पानाचा व्हिडिओ बघणारा वर्ग मी पाहिलाय, त्यावर जास्त बोलत नाही. जो माणूस सायकलवरून येऊ शकतो, त्याला आधी बोलव. हार घालू नकोस, घातला की तो भाषण करायला लागतो.

रणजितसिंह डिसले सरांसारखं काहीतरी करायचंय, असंही लिहिलंयस. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या या गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि १० लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. लोकांच्या लक्षात राहिले ते पुस्तकांतले क्यूआर कोड. पण तिथली मुलं घरी कन्नड बोलणारी, म्हणून सर आधी कन्नड शिकले. तुझ्या वर्गात पावरी ही आदिवासी बोली बोलणारी सात मुलं आहेत म्हणालीस. पॅनलचं मॅन्युअल वाचून झालं असेल, तर त्यांच्याकडून रोज पाच शब्द शीक.

बाकी किरकोळ. व्हिडिओ घरूनच डाऊनलोड करून पेनड्राइव्हमध्ये ने, रेंजच्या भरवशावर तास घेऊ नकोस. दुपारी ऊन पडद्यावर येतं, जुन्या साडीचे पडदे चालतात. आणि आमच्याकडे रिमोट कपाटात, कपाटाची चावी मुख्याध्यापकांकडे आणि मुख्याध्यापक पंचायत समितीत मीटिंगला, असं निम्मं वर्ष गेलं. तुमचा रिमोट कुठे असतो, ते आधी कळव.

तुझे,
सर