जनगणनेच्या तक्त्यातून स्त्रियांचे स्तंभ कसे निवडावेत?

प्रश्न : स. न. वि. वि. २०११ च्या प्राथमिक जनगणना गोषवाऱ्यातून माझ्या तालुक्यातील स्त्रियांची गावनिहाय माहिती मी ‘आर’ या संगणकीय भाषेतील ‘डेटा.टेबल’ या तक्ते हाताळणाऱ्या पॅकेजच्या साहाय्याने वेगळी काढत आहे. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘_एफ’ आहे असे स्तंभ मागितल्यावर २३ स्तंभ मिळाले, परंतु त्यांत साक्षर स्त्रियांचा स्तंभच नाही. माझे काय चुकते आहे?
– एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : आपला पॅटर्न, म्हणजे स्तंभांची नावे जुळवण्याचा नमुना, चुकीचा नाही, अपुरा आहे. या गोषवाऱ्यात लिंगदर्शक अक्षर (स्त्रियांसाठी ‘एफ’, पुरुषांसाठी ‘एम’) दोन ठिकाणी येते. एकूण लोकसंख्या आणि कामगारांचे सर्व स्तंभ यांत ते शेवटी असते, जसे ‘टॉट_एफ’, ‘मेनवर्क_एफ’. मात्र सहा वर्षांपर्यंतची मुले, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर आणि निरक्षर या पाच स्तंभांत ते आरंभी असते, जसे ‘एफ_लिट’. (ही नावे मी उच्चारानुसार देवनागरीत लिहीत आहे, तक्त्यात ती रोमन मोठ्या अक्षरांत आहेत आणि पॅटर्नमध्येही तशीच लिहावीत.) म्हणून ‘.एसडीकॉल्स’ या स्तंभ निवडण्याच्या पर्यायाला ‘पॅटर्न्स’ या फंक्शनमधून ‘^एफ_|_एफ$’ असे द्यावे. ‘^’ म्हणजे नावाचा आरंभ, ‘$’ म्हणजे शेवट आणि उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. आता २३ आणि ५ मिळून २८ स्तंभ येतील. हे दोन पॅटर्न स्वल्पविराम देऊन वेगवेगळे लिहू नयेत, कारण ‘.एसडीकॉल्स’मध्ये ‘पॅटर्न्स’ सर्व अटी एकाच वेळी पूर्ण करणारे स्तंभच निवडते आणि आपल्या हाती एकही स्तंभ लागणार नाही.

पुरुषांचे स्तंभ काढताना अधोरेषेचे (‘_’) महत्त्व अधिक जाणवेल. तेथे नुसते ‘^एम’ लिहिले, तर ‘मेन’ आणि ‘मार्ज’ने सुरू होणारे कामगारांचे सर्व स्तंभ, स्त्रियांचेसुद्धा, आत येतात आणि ८५ पैकी ६५ स्तंभ निवडले जातात. यासाठी निवड करण्यापूर्वी ‘ग्रेप’ या शोधणाऱ्या फंक्शनला ‘व्हॅल्यू’ हा पर्याय देऊन जुळलेली नावे पडद्यावर वाचून पाहावीत, असा माझा आग्रह आहे.

याहून गंभीर चूक बेरजेत होते. ‘^मार्ज.*_एफ$’ हा पॅटर्न (‘.*’ म्हणजे मधली कोणतीही अक्षरे) सीमांतिक, म्हणजे वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम करणाऱ्या, स्त्री-कामगारांचे १५ स्तंभ अचूक निवडतो. पण त्यांत एकूण आकडा, त्याचेच चार व्यवसायगट, शिवाय ३ ते ६ महिने आणि ३ महिन्यांपेक्षा कमी काम करणाऱ्या स्त्रियांचे एकूण आकडे व त्यांचेही व्यवसायगट असे सारेच असते. या १५ स्तंभांची बेरीज केल्यास प्रत्येक स्त्री चार वेळा मोजली जाते आणि संगणक कोणतीही सूचना देत नाही. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि इतर हे चारच गट हवे असतील, तर ‘^मार्ज_(सीएल|एएल|एचएच|ओटी)_एफ$’ असे लिहावे आणि त्यांची बेरीज प्रत्येक गावासाठी ‘मार्जवर्क_एफ’शी ताडून पाहावी.