विचारपूस की चौकशी?

‘मॅडम, तो घर सोडून गेला. आता मी काय करू?’ मी कुटुंबांचं समुपदेशन करते, आणि वर्षातून कितीतरी भेटी याच वाक्याने सुरू होतात. मूल वीस-बावीस वर्षांचं असतं. मागे अर्धवट सोडलेलं शिक्षण, रात्रीची जागरणं, कुठे व्यसन, कुठे नैराश्य, रोजचे खटके. मग एके दिवशी बॅग भरली जाते. त्याला परत कसं आणायचं, हे विचारायला आईवडील येतात. मी आधी त्यांच्याकडेच बघते, कारण खोलीत तेच असतात.

अशाच एका बाईंची गोष्ट सांगते (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत). मुलाचे नैराश्यावरचे उपचार चालू होते. वडिलांशी भांडण झालं आणि तो गेला. त्याला तीन महिने झाले होते. बाईंची झोप उडाली होती आणि रक्तदाबाच्या गोळ्या वाढल्या होत्या. वडिलांचं म्हणणं, ‘गेला तर जाऊ दे.’

‘तो जिवंत आहे, हे मला माहीत आहे. मग तो मेल्यासारखी मी का रडते?’ त्यांनी विचारलं.

पॉलीन बॉस या अमेरिकन कुटुंबतज्ज्ञ बाईंनी 1970च्या दशकात बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांबरोबर काम करताना अशा दुःखाला नाव दिलं. मराठीत मी त्याला ‘अधांतरी वियोग’ म्हणते. माणूस धड गेलेलाही नसतो आणि धड असतही नाही. म्हणून रडूनही मन मोकळं होत नाही. एवढं सांगितल्यावर बाईंचे खांदे जरा सैल झाले. आपल्याला वेड लागलेलं नाही, हे कुणीतरी सांगावं लागतं.

चौथ्या भेटीत मी म्हटलं, ‘त्याला काल पाठवलेले मेसेज वाचून दाखवाल?’

त्यांनी फोन काढला. ‘कुठे आहेस? जेवलास का? गोळ्या घेतल्यास का? कुणाबरोबर राहतोस? पैसे कुठून आणतोस? असा का वागतोस? उत्तर का देत नाहीस?’ सुरुवातीला आवाज भराभर चालला होता. अकराव्या-बाराव्या मेसेजला तो अडखळला.

मी गप्प बसले. नवी होते तेव्हा लगेच काहीतरी शहाणपणाचं बोलून मोकळी झाले असते. ती दोन मिनिटं न बोलता काढणं मला बऱ्याच वर्षांनी जमलं, आणि त्याचा थोडा अभिमानही आहे.

‘सगळे प्रश्नच आहेत,’ त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, ‘मॅडम, मला वाटायचं मी त्याची विचारपूस करतेय. ही तर चौकशी झाली.’

तीन भेटी मी ज्याच्याभोवती घुटमळत होते, ते त्यांनी एका शब्दात पकडलं. तेव्हापासून हा शब्द मी इतर पालकांनाही उसना देते.

आम्ही ठरवलं: आठवड्यातून एकच मेसेज, रविवारी. त्यात प्रश्नचिन्ह नको, आणि ‘तुझ्यामुळे माझं बीपी वाढलं’ हेही नको. घरातली एखादी साधी बातमी, आणि दार उघडं आहे एवढंच. पैसे मागितले तर उपचारांचा खर्च परस्पर भरायचा. उधारी फेडायला रोख द्यायची नाही. मात्र जीव देण्याची भाषा आली किंवा कुणालाच ठावठिकाणा लागेना, तर हे सगळे नियम बाजूला ठेवून त्याच क्षणी डॉक्टर, पोलीस, जी मदत मिळेल ती गाठायची. तिथे संयमाचं कौतुक नाही.

वडील एकदाच आले. ते स्वतः तरुणपणी घरातून निघून गेले होते आणि त्यांच्या वडिलांशी अखेरपर्यंत बोलले नाहीत, हे तेव्हा कळलं. संबंध तोडल्याने ताण संपत नाही, तो माणसाबरोबर नव्या घरात जातो, असं कुटुंबांवर काम करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन मांडत असत. माझं कामही त्यांच्याच विचारांच्या वाटेने चालतं. पण बोवेनचं नाव न काढता मी एवढंच विचारलं, ‘तेव्हा तुमच्या वडिलांनी काय करायला हवं होतं?’ ते उत्तर न देता उठले. पुढच्या रविवारच्या मेसेजखाली मात्र ‘आई-बाबा’ असं होतं.

पाच रविवार काहीच आलं नाही. बाई दोनदा घसरल्या, मध्यरात्री प्रश्न पाठवून बसल्या. घसरणारच. सहाव्या रविवारी मुलाचं उत्तर आलं. त्यांनी माझ्यासमोर फोन धरला.

‘तू तुझ्या गोळ्या घेतेस ना?’

‘बघा,’ त्या डोळे पुसत हसल्या, ‘आता हा माझी चौकशी करतोय.’