क्लफला समजून घ्यायचं तर आधी टेलरकडे बघा

इंग्लंडच्या लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबने १९७४ मध्ये मॅनेजर ब्रायन क्लफला ४४ दिवसांत काढून टाकलं, मग त्याला एवढा थोर मॅनेजर का मानतात, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते उत्तर एका माणसात आहे: त्याचा सहाय्यक पीटर टेलर. लीड्सला क्लफ गेला तेव्हा टेलर दोघांच्या आधीच्या क्लबमध्ये, ब्रायटनलाच थांबला होता.

क्लफ स्ट्रायकर म्हणून जबरदस्त होता. मिडल्सब्रो आणि संडरलंड मिळून लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल. २६ डिसेंबर १९६२ रोजी बरीविरुद्ध गोलकीपरशी टक्कर झाली आणि गुडघ्याचा लिगामेंट फाटला. वय अवघं २७. पुढे तो मोजून तीन लीग सामने खेळू शकला.

टेलर हा त्याचा मिडल्सब्रोतला जुना सहकारी, गोलकीपर. १९६५ मध्ये हार्टलपूलसारख्या तळाच्या क्लबची जबाबदारी मिळाली तेव्हा क्लफने त्यालाच सोबत घेतलं. वाटणी ठरलेली होती. खेळाडू हेरायचे टेलरने, त्यांच्याकडून खेळ काढून घ्यायचा क्लफने. या जोडीने डर्बी काउंटीला दुसऱ्या श्रेणीतून वर आणलं आणि १९७२ मध्ये थेट इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं.

नॉटिंगहॅम फॉरेस्टचा हिशोब तर मला सगळ्यात बोलका वाटतो. जानेवारी १९७५ मध्ये क्लफ तिथे एकटाच आला. तो हंगाम संपला तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत सोळावा होता, पुढच्या हंगामात आठवा. १९७६ च्या उन्हाळ्यात टेलर आला. १९७७ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत, १९७८ मध्ये लीग विजेता, १९७९ आणि १९८० मध्ये लागोपाठ युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा! मधे लीगचे सलग ४२ सामने अपराजित.

केनी बर्न्सचंच घ्या. बर्मिंगहॅमचा हा स्ट्रायकर भांडखोर म्हणून बदनाम होता. टेलरने त्याच्या वागण्याची नीट माहिती काढली, मगच त्याला घेतलं आणि बचावफळीत खेळवलं. १९७८ मध्ये फुटबॉल पत्रकारांनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. असा डोळा फार थोड्यांकडे असतो.

म्हणून क्लफचं श्रेय कमी होत नाही. टेलर १९८२ मध्ये फॉरेस्ट सोडून गेल्यानंतरही क्लफने १९८९ आणि १९९० चे लीग कप (लीगहून वेगळी बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकले. पण लीगचं विजेतेपद आणि युरोपियन कप पुन्हा मिळाले नाहीत. १९८३ मध्ये फॉरेस्टचा विंगर जॉन रॉबर्टसनला टेलरने, तेव्हा तो डर्बीचा मॅनेजर होता, डर्बीला नेलं, त्यावरून दोघांचं बोलणं तुटलं ते कायमचंच. १९९० मध्ये टेलर वारला. या भांडणाचं मला आजही मनापासून वाईट वाटतं.

तुम्ही युरोपियन कपचा १९७९ चा म्युनिकमधला अंतिम सामना जरूर बघा. डावीकडून क्रॉस त्याच रॉबर्टसनचा, हेडर ट्रेव्हर फ्रान्सिसचा, फॉरेस्ट १-०. रॉबर्टसनला याच जोडीने घडवलं. फ्रान्सिस म्हणजे दहा लाख पौंडांचा पहिला ब्रिटिश खेळाडू.